डाल्टन ट्रंबो, 'जॉनी गॉट हिज गन' आणि एफबीआय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडचा पटकथालेखक डाल्टन ट्रंबो म्हटलं की बहुतेकांना कम्युनिस्ट असण्यावरून झालेली 1947 ची सुनावणी, तुरुंगवास आणि दुसऱ्यांच्या नावावर गेलेली ऑस्करं आठवतात. इथले प्रश्न त्याच्या आधीच्या काळाबद्दल आहेत. दुसरं महायुद्ध चालू असताना, स्वतःच्या कादंबरीवरून आलेल्या पत्रांबद्दल त्याने स्वतःहून एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला कळवलं, संशयितांची पत्रं पुढे केली आणि तपासाचा रोख त्याच्यावरच वळला. या प्रकरणावर त्याच्या चाहत्यांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही बरंच सैल लिहून ठेवलं आहे.

प्रकरण थोडक्यात काय आहे?

'जॉनी गॉट हिज गन' ही ट्रंबोची युद्धविरोधी कादंबरी 3 सप्टेंबर 1939 रोजी प्रसिद्ध झाली. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या प्रती संपल्या आणि नवी आवृत्ती निघाली नाही. तेव्हा हिटलरशी ताबडतोब तह करा म्हणणाऱ्या कडव्या उजव्या मंडळींनी ट्रंबोला पत्रांवर पत्रं पाठवायला सुरुवात केली. पुस्तक ज्यूंनी आणि कम्युनिस्टांनी दडपलं, आता तुम्हीच आमचं पुढारपण करा, असा त्यांचा सूर होता. मित्रांच्या आग्रहावरून ट्रंबोने हे एफबीआयला कळवलं. 1944 मध्ये दोन तपास अधिकारी घरी आले. त्यांना पत्रांपेक्षा पत्रं दाखवणाऱ्या माणसात जास्त रस होता.

हे आपल्याला मुख्यतः ट्रंबोकडूनच कळतं. 1959 च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने ते काही ओळींत सांगितलं, कळवणं हा मूर्खपणा होता असं लिहिलं आणि जे झालं ते माझ्या कर्माचं फळ, अशा अर्थाची पुस्तीही जोडली.

कादंबरीत असं काय होतं की दोन टोकांची माणसं तिच्यावर हक्क सांगत होती?

जो बोनहॅम हा पहिल्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक. तोफगोळ्याने त्याचे हात, पाय आणि चेहरा गेला आहे. त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. डोकं मात्र शाबूत आहे. उशीवर डोकं आपटून तो मोर्सच्या भाषेत डॉक्टरांशी बोलायला शिकतो आणि मला लोकांसमोर प्रदर्शनात मांडा, युद्ध म्हणजे काय ते त्यांना दिसू द्या, अशी मागणी करतो. ती फेटाळली जाते.

कुठल्याही युद्धाची बाजू न घेणारं पुस्तक त्या त्या घटकेला युद्ध नको असलेल्या कोणालाही चालतं. 1940 मध्ये ते डाव्यांना चाललं, 1943 मध्ये नाझीप्रेमींना. मधल्या काळात कादंबरीतला एक शब्दही बदलला नव्हता.

डाव्यांनी आधी पुस्तक डोक्यावर घेतलं आणि मग ते गप्प का बसले?

तारखा ओळीने मांडल्या की उलगडतं. कादंबरी लिहून झाली 1938 मध्ये, छापायला गेली 1939 च्या वसंतात. 23 ऑगस्ट 1939 ला नाझी-सोव्हिएत करार झाला, 1 सप्टेंबरला पोलंडवर हल्ला झाला आणि 3 सप्टेंबरला पुस्तक दुकानात आलं. करारानंतर अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाची भूमिका 'हे साम्राज्यवाद्यांचं युद्ध, आपण लांब राहावं' अशी झाली आणि पुस्तक त्या भूमिकेला आयतं मिळालं. मार्च 1940 मध्ये जेम्स कॅग्नीच्या आवाजात त्याचं नभोनाट्य झालं, नंतर न्यूयॉर्कच्या 'डेली वर्कर' या पक्षाच्या दैनिकात ते क्रमशः आलं. 22 जून 1941 ला जर्मनीने रशियावर हल्ला केला, 7 डिसेंबरला पर्ल हार्बर झालं आणि पक्ष कट्टर युद्धसमर्थक बनला. संपसुद्धा करायचा नाही, इथपर्यंत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वळण नवं नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचं 'साम्राज्यवादी युद्ध' याच घटनेनंतर 'लोकयुद्ध' झालं आणि 1942 च्या 'चले जाव'च्या वेळी पक्ष वेगळ्या काठावर उभा राहिला. त्यावरचे वाद इथे अजून मिटलेले नाहीत.

मात्र ट्रंबोने ही कादंबरी पक्षाच्या हुकमावरून लिहिली, हे म्हणणं तारखांपुढे टिकत नाही. ती लिहिली गेली तेव्हा करार झालेला नव्हता आणि अमेरिकन डाव्यांचा कल उलट फॅसिझमविरुद्ध लढण्याकडे होता. ट्रंबो पक्षात गेला 1943 मध्ये. 1941 ची त्याची 'द रिमार्केबल अँड्र्यू' ही कादंबरी मात्र युद्धात पडण्याविरुद्धची आहे आणि ती कराराच्या काळातली आहे. टीकाकारांनी बोट ठेवायचं तर तिथे ठेवावं.

सरकारने पुस्तकावर बंदी घातली होती का?

नाही. हा समज सगळ्यात चिवट आहे, आणि गंमत म्हणजे तो पसरवणाऱ्यांत तीच पत्रं लिहिणारी मंडळी आघाडीवर होती. पुस्तक फेरछपाईविना संपलं. नवी आवृत्ती युद्ध संपेपर्यंत काढायची नाही, हा लेखक आणि प्रकाशक यांनी मिळून घेतलेला निर्णय होता. जुन्या प्रतीची किंमत सहा डॉलरच्या वर गेली. यातला एक पैसाही आपल्याकडे येत नाही, याचंही आपल्याला दुःख होतं, असं ट्रंबोने मिश्कीलपणे नोंदवलं आहे.

लष्कराने तीन पुस्तकांवर बंदी घातली, त्यात हे एक होतं, असा उल्लेख 1955 च्या एका पुस्तकात आहे. तिथे कादंबरीचं नाव चुकलं आहे आणि लेखनाचा काळही. परदेशात असलेल्या सैनिकांनी लष्करी ग्रंथालयातून ती वाचून ट्रंबोला पत्रं लिहिली होती. 1945 मध्ये ओकिनावाची लढाई चालू असताना तो तिथे गेला, तेव्हा त्याला स्वतःलाच तिची एक प्रत सापडली.

बंदी असती तरी आपण फार आरडाओरडा केला नसता, कधी कधी खासगी हक्काला व्यापक हितापुढे मागे सरावं लागतं, असंही त्याने 1959 मध्ये लिहिलं. हा विचार धोक्याचा आहे, अशी कबुली देऊन. अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या लेखणीतून आलेलं हे वाक्य त्याचे चाहते सहसा उद्धृत करत नाहीत.

पत्रं लिहिणारे नेमके कोण होते?

ट्रंबोच्या वर्णनानुसार शांतता संघटना आणि 'मदर्स' गट. हे मातांचे गट म्हणजे मुलांना सैन्यात पाठवायला विरोध करणाऱ्या स्त्रियांच्या संघटना. त्यांपैकी कित्येकांचा सूर उघड ज्यूद्वेष्टा आणि रूझवेल्टद्वेष्टा होता. शिकागोची एलिझाबेथ डिलिंग हे त्यातलं ठळक नाव. काही पत्रं भारी कागदावर आणि प्रतिष्ठित पत्त्यांवरून येत. स्थानबद्धता छावण्यांतल्या नाझीसमर्थकांपर्यंत या लोकांचं संपर्कजाळं पोचलं होतं, असा त्याचा दावा होता. शांततेसाठी राष्ट्रीय मेळावा भरवू आणि प्रकाशकावर पत्रांचा मारा करू, अशा योजना ते मांडत. त्यातला पत्रांचा मारा त्यांनी खरोखर केला.

सगळे पत्रलेखक नाझी होते असं मात्र धरू नये. युद्धाला कंटाळलेली, साधी शांततावादी माणसंही अशा गटांच्या आसपास असत.

अशी पत्रं लिहिणं हा गुन्हा होता का?

लेखकाला 'पुस्तक पुन्हा छापा' असं लिहिणं हा गुन्हा नव्हता. सरकारच्या हाती दोन कायदे होते. 1917 चा हेरगिरीविरोधी कायदा: युद्धकाळात सैन्यात अवज्ञा पसरवण्याचा किंवा भरतीत अडथळा आणण्याचा हेतुपुरस्सर प्रयत्न. आणि जून 1940 चा स्मिथ कायदा: सैन्यात अवज्ञेला चिथावणी, तसंच सरकार बळाने उलथण्याचा प्रचार. दोन्हींत हेतू सिद्ध करावा लागे आणि घोडं तिथेच अडत असे.

1944 ची दोन प्रकरणं पाहा. 3 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये तीस जणांवर राजद्रोहाच्या कटाचं आरोपपत्र दाखल झालं. डिलिंग, लॉरेन्स डेनिस, विल्यम डडली पेली अशी मंडळी त्यात होती. एप्रिलमध्ये खटला उभा राहिला आणि आरोपी व वकिलांच्या गोंधळात महिनोन्महिने रेंगाळला. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायाधीश एडवर्ड आयकर वारले आणि खटला निकालाविना मोडला. 1946 मध्ये तो काढून टाकण्यात आला. दुसरं प्रकरण हार्टझेलचं. लष्करी अधिकाऱ्यांना ज्यूविरोधी, ब्रिटनविरोधी पत्रकं टपालाने पाठवणाऱ्या या माणसाची शिक्षा जून 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी रद्द केली. मजकूर विखारी आहे, पण हेतूचा पुरावा नाही, असा निकाल होता. ट्रंबोकडची पत्रं त्या पत्रकांहून सौम्य होती. त्यांवर न्यायालयात काही उभं राहिलं असतं, असं वाटत नाही.

मग लोक एफबीआयला कळवत कशाला होते?

कारण तसं करायला सांगितलं गेलं होतं. 6 सप्टेंबर 1939 ला, म्हणजे कादंबरी बाहेर आल्याच्या तिसऱ्या दिवशी, रूझवेल्टने हेरगिरी, घातपात आणि विध्वंसक कारवायांबद्दलची सगळी माहिती एफबीआयकडे द्यावी, असं देशभरच्या पोलिसांना जाहीर आवाहन केलं. जानेवारी 1943 मध्ये त्याने ते पुन्हा केलं आणि या वेळी देशभक्त संस्था व व्यक्तींनाही त्यात ओढलं. ट्रंबोने केलं ते याच्या चौकटीत बसणारं होतं. कायद्याने सक्ती मात्र कोणावर नव्हती.

तक्रार आल्यावर ब्यूरोत, म्हणजे एफबीआयमध्ये, तिचं काय व्हायचं?

ही यंत्रणा समजली नाही तर पुढचं काही समजत नाही.

पत्र स्थानिक कार्यालयात येई किंवा थेट वॉशिंग्टनला. कारकून त्यातली सगळी नावं काढत: ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची, ओघात आलेल्यांची आणि तक्रार करणाऱ्याचंही. प्रत्येक नाव 3 बाय 5 इंचांच्या कार्डांच्या सूचीत तपासलं जाई. कार्ड दोन प्रकारची असत. एक त्या माणसाची स्वतःची फाईल दाखवणारं. दुसरं, दुसऱ्याच कोणाच्या फाईलमध्ये त्याचा उल्लेख कुठल्या पानावर आहे ते दाखवणारं. नाव आधी नसेल तर नवं कार्ड बने. मग विषयानुसार वर्गक्रमांक पडे. अंतर्गत सुरक्षेसाठी 100, हेरगिरीसाठी 65. मुलाखतीला साधारणपणे दोन एजंट जात, म्हणजे झालेल्या बोलण्याला साक्षीदार राही. परत आल्यावर निवेदन टंकलिखित होई आणि त्याची प्रत मुख्यालयात जाई.

गोम इथे आहे. तक्रारदारासाठी वेगळा, सुरक्षित कप्पा नव्हता. तुम्ही शेजाऱ्याचं नाव सांगायला गेलात की सूचीत तुमचंही कार्ड तयार. आधीच असेल तर त्यावर एक नोंद वाढे. एजंट निघण्यापूर्वी तुमचं कार्ड पाहूनच निघत. त्यामुळे मुलाखत कोणाची, हे बहुतेकदा दारावरची घंटा वाजण्याआधीच ठरलेलं असे.

ट्रंबोच्या कार्डावर त्यांना काय दिसलं असेल?

कम्युनिस्ट पक्षाच्या दैनिकात छापून आलेली कादंबरी. चित्रपट लेखकांच्या संघटनेतली सक्रियता. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांवर ब्यूरोने ऑगस्ट 1942 पासून स्वतंत्र तपास चालवला होता. त्याचं संक्षिप्त नाव कॉमपिक, फाईल क्रमांक 100-138754. लॉस एंजेलिस कार्यालयाचा प्रमुख रिचर्ड हूड. एजंटांनी पक्षाच्या स्थानिक कार्यालयात गुपचूप शिरून सदस्यत्वाच्या नोंदींचे फोटो काढले होते. अशा घुसखोरीला न्यायालयाची परवानगी नसे, म्हणून तिचे कागद मुख्य फाईलमध्ये न लावण्याची वेगळी पद्धतच होती.

चित्रपटही वाचले जात होते. ट्रंबोने लिहिलेल्या 'टेंडर कॉम्रेड' (1943) मध्ये युद्धावर गेलेल्यांच्या बायका एकत्र राहतात आणि सगळं वाटून घेणं हीच लोकशाही, असं एक पात्र म्हणतं. नायिका जिंजर रॉजर्सच्या आईने 1947 मध्ये ही ओळ कम्युनिस्टांचा तपास करणाऱ्या संसदीय समितीसमोर कम्युनिस्ट प्रचार म्हणून मांडली. त्याच माणसाने 'थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो' (1944) हा अमेरिकन वैमानिकांच्या पराक्रमाचा चित्रपटही लिहिला होता, पण फाईलला अशा गोष्टींचं वजन नसतं.

भेटीनंतर ट्रंबोने काय केलं?

आपल्यावरच संशय आहे हे ओळखून त्याने ब्यूरोला उद्देशून सविस्तर पत्र लिहिलं. त्याच्या निवडक पत्रांच्या 1970 च्या संग्रहात ते आहे. त्यात तो कादंबरी कधी आणि कोणत्या परिस्थितीत लिहिली ते सांगतो, युद्धाला आपला पूर्ण पाठिंबा आहे असं बजावतो आणि राष्ट्राध्यक्षांची बदनामी, पराभूत वृत्ती, शांततावाद, ज्यूद्वेष असा जर्मनीच्या पथ्यावर पडणारा सगळा प्रचार थांबावा, ही तुमच्या माणसांइतकीच माझीही इच्छा आहे, अशा अर्थाचं लिहितो.

त्या यादीतला तिसरा शब्द पुन्हा वाचा. शतकातल्या एका मोठ्या शांततावादी कादंबरीचा लेखक शांततावादाला राजद्रोहाच्या रांगेत बसवतो आहे, तेही पोलिसांना लिहिताना. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा हीच आहे. एजंटांची भेट त्यापुढे किरकोळ.

म्हणजे तो खबऱ्या होता?

त्याने खबर दिली, हे खरं. अनोळखी लोकांनी विश्वासाने लिहिलेली पत्रं त्याने त्यांना न विचारता पुढे केली, आणि त्यांतल्या काहींचा दोष युद्ध नको म्हणण्यापलीकडे नसेल. 'नागरिकाचं कर्तव्य बजावलं' म्हणून हे झटकता येत नाही. त्यानेही तसं झटकलं नाही.

पण त्याच समितीच्या 1951 पासूनच्या सुनावण्यांत मित्रांची नावं सांगून स्वतःची नोकरी वाचवणाऱ्यांशी त्याची बरोबरी करणंही खोटं आहे. त्यांनी ओळखीच्या माणसांना बळी दिलं आणि बदल्यात काम मिळवलं. ट्रंबोने युद्धाच्या ऐन भरात, ज्यांना तो शत्रूचे साथी समजत होता अशांबद्दल कळवलं. बदल्यात त्याला काही मिळालं नाही, उलट गेलंच.

खरा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. 1941 मध्ये मिनियापोलिसला ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या विरोधातल्या डाव्या कामगार पुढाऱ्यांवर स्मिथ कायद्याखाली खटला झाला, अठरा जणांना शिक्षा झाली आणि कम्युनिस्ट पक्षाने सरकारची बाजू घेतली. 1949 मध्ये त्याच कायद्याखाली पक्षाच्या अकरा नेत्यांना शिक्षा झाली. कायदा दुसऱ्यांवर चालतो आहे तोवर चांगला, ही समजूत त्या काळी पक्षभर पसरलेली होती आणि ट्रंबोचं पत्र तिच्यातूनच आलेलं आहे.

1947 च्या सुनावणीशी याचा थेट संबंध आहे का?

1944 च्या भेटीमुळे 1947 घडलं, असं म्हणता येत नाही. कॉमपिक आधीपासून चालू होतं. मात्र दोन्हींमागे कागद एकाच ठिकाणचे होते. 28 ऑक्टोबर 1947 ला ट्रंबो प्रतिनिधीगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीपुढे उभा राहिला. पक्षाचा सदस्य आहात वा होता का, या प्रश्नावर त्याने उत्तर टाळलं आणि तुमच्याकडे काय पुरावा आहे तो मला दाखवा, असं म्हटलं. अध्यक्ष जे. पार्नेल थॉमसने लवकरच दिसेल, असं सुनावलं. त्याला बाहेर काढल्यावर लुई रसेल या तपासनिसाने 'डाल्ट टी' अशा नावाचं पक्षाचं नोंदणीकार्ड कामकाजात मांडलं. रसेल आधी एफबीआयमध्ये होता.

तिथे त्याने आधार घेतला तो पहिल्या घटनादुरुस्तीचा: माझी मतं विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. आत्मदोषारोपाविरुद्धचं पाचव्या दुरुस्तीचं संरक्षण त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर बहुधा तुरुंग टळला असता. काँग्रेसच्या अवमानाबद्दल एक वर्ष कैद आणि हजार डॉलर दंड झाला. एप्रिल 1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि जूनमध्ये तो केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात गेला. दहा महिने काढून सुटला.

कस्टोडियल डिटेन्शन यादी म्हणजे काय?

आणीबाणीत ताबडतोब पकडायच्या माणसांची एफबीआयचा प्रमुख हूवरने तयार करवलेली यादी. धोक्याच्या प्रमाणात त्यात गट पाडलेले होते. जुलै 1943 मध्ये ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडलने, हिला कायद्याचा आधार नाही आणि असं वर्गीकरण भरवशाचं नाही, असं सांगून ती रद्द करवली. हूवरने यादी ठेवली, नाव बदलून 'सिक्युरिटी इंडेक्स' केलं आणि याची वाच्यता करू नका असं कार्यालयांना कळवलं. ट्रंबोकडे एजंट आले ते याच्या पुढच्याच काळात.

असा अनुभव आणखी कोणा कादंबरीकाराला आला?

अर्नेस्ट हेमिंग्वेला, वेगळ्या चालीने. 1942 मध्ये हवानात अमेरिकन राजदूत स्प्रूल ब्रेडनच्या संमतीने त्याने स्पॅनिश फॅलांजिस्ट (फ्रँकोच्या पक्षाचे लोक) आणि नाझी हस्तकांवर नजर ठेवणारं स्वतःचं खबऱ्यांचं जाळं उभारलं. ते 'क्रुक फॅक्टरी' म्हणून ओळखलं जातं. दूतावासातला एफबीआयचा प्रतिनिधी रेमंड लेडी यामुळे वैतागला होता. 1940 मध्ये ब्यूरोवर टीका करणाऱ्या निवेदनावर हेमिंग्वेची सही होती, हे तिथल्या कागदांत अगोदरच होतं. 1943 च्या वसंतात जाळं गुंडाळलं गेलं. हेमिंग्वेची फाईल वाढत राहिली.

ट्रंबोशी संबंधित मूळ कागद भारतात बसून मिळवता येतात का?

येतात. अमेरिकेचा माहिती स्वातंत्र्य कायदा 1966 चा, 1974 मध्ये दात आलेला. आपल्या 2005 च्या कायद्याखाली भारतीय नागरिकच अर्ज करू शकतो. तिथे नागरिकत्वाची अट नाही. शिवाय आपल्याकडे कलम 24 खाली गुप्तवार्ता विभागासारख्या संस्था जवळजवळ पूर्ण वगळल्या आहेत. एफबीआयला तशी सरसकट सूट नाही.

आधी ब्यूरोच्या 'व्हॉल्ट' या ऑनलाइन संग्रहात शोधा. नसेल तर ऑनलाइन अर्ज करा. अर्जात पूर्ण नाव (जेम्स डाल्टन ट्रंबो), जन्म 9 डिसेंबर 1905, माँट्रोझ, कोलोरॅडो, मृत्यू 10 सप्टेंबर 1976 आणि हवा असलेला कालखंड लिहा. दुसऱ्या व्यक्तीची फाईल मागताना ती हयात नसल्याचा पुरावा लागतो, पण जन्म शंभर वर्षांपूर्वीचा असेल तर लागत नाही. स्वतःची फाईल आणि 'इतर फाईलींतले उल्लेख' ही दोन्ही स्वतंत्रपणे मागा. दुसरं मागितलं नाही तर मिळत नाही, आणि 1944 सारख्या भेटीचा कागद तिथेच दडलेला असू शकतो. लॉस एंजेलिस कार्यालयाचंही नाव घाला. शुल्क किती भरायला तयार आहात ती मर्यादा लिहा, म्हणजे अर्ज अडकत नाही. कायद्यातली मुदत वीस कामकाजी दिवसांची. मोठ्या फाईलला महिने लागतात. कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेले, असं उत्तर आलं तर तिकडे नवा अर्ज करावा लागतो.

ट्रंबोची स्वतःची कागदपत्रं मॅडिसनला, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. एफबीआयचा कागद आणि ही पत्रं शेजारी ठेवून वाचावीत. एकट्या फाईलवर कोणाचं चरित्र उभं करू नये.

फाईल हातात आली, पण अर्धी काळी आहे. वाचायची कशी?

काळ्या पट्ट्यांच्या कडेला सांकेतिक अक्षरं असतात. बी-1 म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा. बी-7-सी म्हणजे तिसऱ्या व्यक्तीची खासगी बाब. पत्रलेखकांची नावं बहुधा याखाली झाकलेली मिळतील. बी-7-डी म्हणजे गोपनीय स्रोत. अपील करता येतं, आणि झाकलेली व्यक्ती वारल्याचा पुरावा जोडला तर बी-7-सी खालचं कधी कधी उघडतं.

'टी-1', 'टी-2' असे स्रोतांचे क्रमांक दिसले की तो माणूसच असेल असं समजू नका. फोनवरची चोरून ऐकणी, लपवलेला मायक्रोफोन किंवा घुसखोरीत काढलेले फोटो यांनाही असेच क्रमांक देत. नवखे वाचक इथे हमखास घसरतात: 'टी-3 म्हणजे नक्की त्याचा अमुक मित्र' असा तर्क लढवतात आणि एका निर्दोष माणसाला फितूर ठरवून मोकळे होतात. एका अहवालातला टी-1 आणि दुसऱ्यातला टी-1 एकच असेल याचीही खात्री नाही. क्रमांक अहवालापुरते असत.

दुसरं, अहवालातली विशेषणं पुढच्या अहवालात तशीच उतरवली जात. एकच आरोप सहा ठिकाणी सापडला म्हणजे सहा साक्षीदार झाले नाहीत. प्रत्येक ठिकाणी मूळ स्रोत आणि तारीख पाहत मागे जा. बहुतेकदा एकाच कागदावर येऊन पोचाल.

मॅकार्थीने ट्रंबोला तुरुंगात पाठवलं ना?

नाही. कम्युनिस्टविरोधी मोहिमेमुळे गाजलेला मॅकार्थी सिनेटर होता आणि त्याचा गाजावाजा फेब्रुवारी 1950 पासून सुरू झाला. ट्रंबोचं प्रकरण प्रतिनिधीगृहाच्या समितीचं. कम्युनिस्ट ठरवलेल्यांना चित्रपटांत काम न देण्याची काळी यादीही सरकारने काढलेली नव्हती. नोव्हेंबर 1947 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात स्टुडिओमालक जमले आणि त्यांनी ती सुरू केली. समितीचा अध्यक्ष थॉमस पुढे कार्यालयीन पगारात अफरातफर केल्याबद्दल आत गेला, हे खरं. पण तो ट्रंबोच्या तुरुंगात नव्हता. तो डॅनबरीला होता, जिथे 'हॉलिवूड टेन'पैकी, म्हणजे ट्रंबोसारख्याच समितीच्या अवमानाबद्दल शिक्षा झालेल्या दहा जणांपैकी, लेस्टर कोल आणि रिंग लार्डनर ज्युनिअर शिक्षा भोगत होते.

कादंबरी पुन्हा कधी छापली गेली?

युद्ध संपल्यावर. कोरियन युद्धाच्या वेळी ती पुन्हा बाजारातून गेली. तेव्हा छपाईच्या प्लेटा सरकारला विकल्या जाऊन त्यांचा दारूगोळा होऊ नये, म्हणून ट्रंबोने त्या स्वतःच विकत घेतल्या. 1959 मध्ये प्रस्तावनेसह नवी आवृत्ती आली. 1970 च्या आवृत्तीत व्हिएतनामच्या संदर्भात त्याने पुरवणी जोडली. 1971 मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला कान महोत्सवात परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. विकत घेताना 1959 ची प्रस्तावना असलेली प्रत पाहून घ्या.